कादंबरीचा ‘ब’ संच

‘पण दगड हलेना.’

एवढी एकच ओळ मोठ्याने वाचून जेबा मॅडमनी पुस्तक भीमाशंकर सरांच्या टेबलावर उपडं ठेवलं. ‘ही सुरुवात आहे सर. ना गाव, ना नाव, एकदम दगड! काल डबा खाताना सहज उघडलं, तर डबा तसाच राहिला. अजून निम्मंच झालंय, पण मामांनी काय लिहिलंय हो!’

जेबा मॅडम क्लासमधल्या शिक्षिका आणि भीमाशंकर सर क्लासचे मालक. लातुरातल्या कुठल्याही क्लासच्या मालकाप्रमाणे त्यांनाही आपल्याआधी दुसऱ्याला काही समजलेलं आवडत नसे. त्यांनी खणातून आपली प्रत काढली. ‘मॅडम, सुरुवात दगडाची नाही, वेशीची आहे. वेस कुणी बांधली, मग मठ, मग मठामागची विहीर. मी विहिरीपर्यंत आलोय. बरं लिहिलंय. म्हणजे... माहिती भरपूर आहे.’

‘विहीर? यात विहीर कुठंय?’

‘अन् यात दगड कुठंय?’

ही जुगलबंदी चालली होती तेव्हा पुस्तकाचा लेखक दारातच उभा होता. खांद्यावर सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, कपाळावर सकाळची विभूती. विरूपाक्ष उस्तुरगे हे त्याचं नाव क्लासमध्ये कुणी घेत नसे. मेडिकलची स्वप्नं घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या पोरापोरींचा तो ‘मामा’ होता. प्रश्नपत्रिका बाइंडिंगवालीकडून आणायच्या, वाटायच्या आणि पेपर संपेपर्यंत स्टुलावर बसून पोरांच्या माना सरळ ठेवायच्या, हे त्याचं काम. त्याच स्टुलावर, त्याच शांततेत त्याने ही कादंबरी लिहिली होती. पोरं उत्तरपत्रिकेतले गोळे काळे करत आणि मामा पाठकोरे कागद.

त्याने गठ्ठा खाली टाकला आणि दोन्ही प्रती हातात घेतल्या. मुखपृष्ठ तेच, कागद तोच. पण सरांची प्रत पहिल्या पानापासून सुरू होत होती आणि मॅडमची एकोणपन्नासाव्या.

‘अगं आई गं,’ मामा म्हणाला. ‘हुसेनभाभीनं संच करून ठेवले की!’

सरांना ते एका क्षणात कळलं आणि ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की बाहेरच्या पोरी डोकावल्या. कळायला अवघड काहीच नव्हतं. जोडबाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांनी एकमेकांचं बघून लिहू नये म्हणून प्रश्नपत्रिकेचे दोन संच करतात, अ आणि ब. सरांचा हात जरा आखडता, म्हणून छपाई एकच असे. सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, छापून बाइंडिंगवाल्या हुसेनबीकडे जात आणि ती निम्म्या प्रतींत पुढचे फर्मे आधी लावी, निम्म्या प्रतींत मागचे. अ संचाला आधी फिजिक्स भेटे, ब संचाला आधी बायोलॉजी. वर्षानुवर्षं तिच्या बाइंडिंगमध्ये दुसरं कामच झालेलं नव्हतं. त्यात मामाने कादंबरीचे फर्मे तिच्या दारात उतरवले ते पेपरच्या घाईत, आणि पाठ फिरवता फिरवता सांगितलं होतं, ‘भाभी, हमेशासारखं करून ठेवा.’

हुसेनबीने हमेशासारखं करून ठेवलं. निम्म्या वाचकांसाठी गावाची वेस आधी, निम्म्यांसाठी दगड.

‘द्या मॅडम, बदलून आणतो,’ मामाने हात पुढे केला. कान लाल झाले होते त्याचे.

जेबा मॅडमनी पुस्तक पर्समध्येच टाकलं. ‘नाही देणार. अन् मामा, मला आधीच सांगून टाकू नका हं, ढिगाऱ्यातला तो रेडिओ कुणी लावला ते.’

‘सांगू कसं मॅडम,’ मामा म्हणाला. ‘मलाबी म्हाईत न्हाई.’

मॅडमना वाटलं लेखक लोक असं बोलतातच. पण ते अक्षरशः खरं होतं. कादंबरीत त्याने सगळ्यांची नावं बदलली होती, स्वतःचं ‘थोरला’ केलं होतं. फक्त धाकट्या भावाचं नाव बदलताना हात चालेना. श्रीशैल तो श्रीशैलच राहिला.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा विरूपाक्ष लातुरात एका दाल मिलमध्ये रखवालदार होता. जमीन हलली, मिलचे पत्रे वाजले, आणि उजाडता उजाडता गावाकडून आलेल्या पहिल्याच माणसाने जे सांगितलं ते ऐकून तो मिळेल त्या ट्रकने निघाला. गावाच्या जागी मातीचा आणि दगडांचा ढीग होता. घराच्या जागी तो उभा राहिला तर खालून आवाज आला. रेडिओ चालू होता. आकाशवाणीवर कुणी बाई अगदी शांतपणे हवामानाचा अंदाज सांगत होती. भूकंप झाला तेव्हा आकाशवाणी झोपलेली असते, आणि श्रीशैल झोपताना रेडिओ न चुकता बंद करत असे, सेल जपायचे म्हणून. म्हणजे तो नंतर कुणीतरी लावला होता. म्हणजे खाली कुणीतरी जिवंत होतं. विरूपाक्षाने पहार घातली. पण दगड हलेना. हलला तेव्हा आधी आई निघाली, बेशुद्ध, पण जिवंत. तिच्या पलीकडे श्रीशैल, आणि रेडिओ त्याच्या हाताशी. तो जिवंत नव्हता.

तेव्हापासून विरूपाक्षाच्या काळजात एकच गोष्ट रुतून बसली होती. श्रीशैलने वाट पाहिली. रेडिओ लावून हाक मारली. दगड तासभर आधी हलला असता तर...

आईला, म्हणजे अव्वाला, तो हे कधी विचारू शकला नाही. शुद्धीवर आल्यावर अव्वाने त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. नव्या गावात सरकारने दिलेल्या घरात ती राहायला गेली, शेळ्या पाळल्या, भावकीची लग्नं लावून दिली, पण श्रीशैल हे नाव तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. कुणी घेतलं तर ती उठून जाई. कादंबरी लिहिली ती खरं म्हणजे तिच्यासाठीच. पुस्तक वाचून दाखवलं तर ती ऐकेल, ऐकता ऐकता बोलेल, एवढा एकच त्याचा बेत. एकदम नको, बाई बिचकेल, म्हणून आधी तीन फर्मे भरून वेस, मठ, विहीर, जत्रा, तालमीतली कुस्ती असा हळूहळू नेणारा रस्ता. खरं सांगायचं तर बिचकत तो स्वतःच होता. दगडापर्यंत पोचायला त्याला गावाला पूर्ण वळसा घालावा लागला होता.

आणि परवा तीस सप्टेंबर, भूकंपाचा दिवस. सकाळची मानवंदना झाली की नव्या गावाच्या समाजमंदिरात शाळेचे पंचाक्षरी गुरुजी सगळ्या गावापुढे कादंबरीचं वाचन करणार होते. अव्वा येणार होती. गावाच्या वाचनालयासाठी प्रती आधीच रवाना झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या पहिल्याच ओळीत दगड घेऊन बसल्या होत्या.

तो तडक हुसेनबीच्या बाइंडिंगमध्ये गेला. गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतली ती खोली डिंकाच्या वासाने भरलेली असे. हुसेनबी जमिनीवर बसून दाभण चालवत होती.

‘भाभी, माझ्या पुस्तकाचं काय केलंत हे?’

‘काय केलं म्हंजी? उसवलं का कुठं?’

‘उसवलं न्हाई. उलटं लागलंय. निम्म्या पुस्तकांचं मागलं पुढं अन् पुढलं मागं.’

हुसेनबीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू दोघांत वेडं कोण हे तिला ठरवता येत नव्हतं. ‘मामा, ते ब संच हायेत. तुम्हीच बोलले न्हाई का, हमेशासारखं करा म्हनून?’

‘अहो, ती कादंबरी हाय! तिला कसले संच?’

‘ते मला कसं मालूम? तुम्ही पेपरवाले मानूस. तुमच्याकडून कदी पेपराबिगर कायी आलंच न्हाई. म्या म्हनलं, बड्या मुश्किलीचा पेपर असंल, सवालांना नंबर बी न्हाईत.’ बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की समोरचा माणूस भांडायला नाही, रडायला आलाय. तिने दाभण खाली ठेवलं. ‘गलती झाली मामा. जेवढे परत आनाल तेवढे घेऊन या. उसवून पुन्हा शिवून देते. कागदाला सुईची भोकं पडतील, पन सरळ होईल.’

दुकानात उरलेल्या प्रती तिने तिथेच वेगळ्या काढल्या. त्यातल्या काही सरळ, म्हणजे अ संचाच्या प्रती पिशवीत घालून मामाने तीस तारखेला पहाटेची गाडी धरली.

नव्या गावात सगळी घरं एका मापाची, सगळे रस्ते सरळ. सकाळी भूकंपात गेलेल्यांच्या स्मृतिस्तंभापुढे पोलिसांनी मानवंदना दिली, पुढारी हात जोडून आले आणि हात जोडून गेले. विरूपाक्षाने तोवर वाचनालय गाठलं. उलट्या प्रती काढून पिशवीत कोंबल्या, सरळ प्रती कपाटात लावल्या. गुरुजींच्या हातात एक सरळ प्रत दिली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

समाजमंदिर भरलं. अव्वा भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसली. चंद्रप्पा पाटील, गावातले सगळ्यांत वयस्क गृहस्थ, बसल्या बसल्या म्हणाले, ‘हां गुर्जी, चालू द्या.’

गुरुजींनी खाकरून वेस सुरू केली. वेस कुठल्या देशमुखाने बांधली, तिच्या कमानीत किती चिरे, कुठला चिरा निजामाच्या राजवटीत निखळला. गुरुजी छान वाचत. अगदी शाळेसारखं छान. मठ येईपर्यंत मागची तरुण पोरं एकेक करून चपला शोधू लागली. मठाचे तिसरे स्वामी समाधिस्थ झाले तोवर चंद्रप्पा पाटलांची मान छातीवर टेकली होती. विहीर आली आणि अव्वाने गुडघ्यावर हात ठेवला.

‘कुठं निघालीस अव्वा?’

‘गुडघं आखडून आलं बाबा. जाते घरला. तू लई ग्वाड लिव्हलंस.’

ग्वाड! विरूपाक्ष तिच्याकडे बघत राहिला. ती निघाली म्हणजे सगळंच गेलं. पुढच्या वर्षी ती असेल नसेल. स्टुलावर काढलेली ती सगळी वर्षं, ते सगळे कागद, आणि बाई विहिरीपाशीच उठून चालली. आणि त्याला राग आला. आईचा नाही, वेशीचा. मठाचा, त्या विहिरीचा, आपल्या शहाणपणाने बांधलेल्या त्या लांबलचक रस्त्याचा. जेबा मॅडमचा डबा तसाच राहिला होता. का राहिला होता?

त्याने गुरुजींना हाताने थांबवलं. पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घातला आणि आला तो ब संच बाहेर काढला. समाजमंदिरात तो कधी बोललेला नव्हता. पण पोरांच्या माना सरळ करणारा त्याचा आवाज त्याला सापडला.

‘पण दगड हलेना,’ त्याने वाचलं.

दाराशी गेलेली अव्वा थबकली.

‘थोरल्याने पहार खाली घातली, अंगाचा सगळा भार टाकला, तरी हलेना. खालून आवाज येत होता. बाई म्हणत होती, मराठवाड्यात आकाश अंशतः ढगाळ राहील. रेडिओ चालू होता. श्रीशैलचा रेडिओ.’

चंद्रप्पा पाटलांनी डोळे उघडले. चपला शोधणारी पोरं चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली. विरूपाक्ष वाचत गेला.  पहार वाकली, शेजाऱ्याने बैलगाडीचं जू आणलं, दोघांनी ते दगडाखाली सारलं. त्या शेजाऱ्याची बायको भामाबाई बायकांत बसली होती. ‘आमचे मालक... आमचेच त्ये,’ ती शेजारणीला म्हणाली आणि तोंडाला पदर लावून ऐकू लागली. दगड हलला. आई निघाली. श्रीशैल निघाला. आणि मग कादंबरीतला थोरला स्वतःलाच विचारतो ते वाक्य आलं: ‘रेडिओ कुणी लावला?’

‘म्या लावला,’ अव्वा म्हणाली.



ती दारातून परत आली. खांबाला धरून उभी राहिली आणि सगळ्या गावासमोर, कुणाकडे न बघता, बोलू लागली. ‘श्रीशैल पैल्याच दनक्यात गेला. म्या हाक मारली, त्यानं ओ दिली न्हाई. हात लावून बघितला, गार. उजेडाची बारीक फट दिसाया लागली, माझ्या हाताला रेडिओ लागला. म्हनलं, माझा तर आवाज निघंना, ह्याचा तरी निघंल. कुनी तरी येईल. लावला, अन् त्याच्या हाताशी ठिवला. त्याचाच व्हता ना. लई जपायचा.’

‘अव्वा, तू कदी बोलली न्हाईस...’

‘काय बोलू? पोरगं गार पडलंय अन् आई रेडिओ लावून राहिली, हे कुन्या तोंडानं सांगू?’

विरूपाक्षाच्या हातातलं पुस्तक खाली आलं. ‘मला वाटलं त्यानं लावला. त्यो वाट बघत व्हता अन् मी उशिरा आलो.’

आता अव्वाने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा पोरगा हे घेऊन फिरला, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिचा चेहराच बदलला. ‘तू उशिरा न्हाई आलास इरूपाक्षा,’ ती म्हणाली. ‘तू येळेवर आलास. म्या हाय की.’

विरूपाक्ष रडला. लेखकाने कसं रडावं याचं काही भान न ठेवता, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत, भर सभेत रडला. पण काळजात रुतलेलं ते काहीतरी निघालं होतं. छाती एवढी मोकळी झाली की त्याला हसूही येत होतं. बायकांनी अव्वाला मधे बसवलं. पोरांनी चपला पुन्हा ठेवल्या आणि अगदी पुढे येऊन बसली. चंद्रप्पा पाटलांनी हुकूम सोडला, ‘च्या मांडा रे. पुस्तक पुरं झाल्याबिगर कुनी उठायचं न्हाई.’

चहा उकळत होता तोवर विरूपाक्षाने समाजमंदिराच्या पायरीवरून फोन लावला. ‘भाभी, ते उसवायला घेतलेत का?’

‘आज जुम्मा, नमाजनंतर बसनार हाय.’

‘उसवू नका. उलट्याला हात लावू नका. जे सरळ उरलेत ना, ते उसवा. समदे ब संच करा.’

‘म्हंजी माझं बरूबर व्हतं व्हय?’ हुसेनबी म्हणाली. ‘मग परवा माझ्यावर कशापायी वरडले?’

‘वरडलो न्हाई भाभी.’

‘वरडले. शेजारपाजारच्यांनी ऐकलं. येताना गावाकडनं माझ्यासाठी तूरडाळ आना, मग माफ.’

चहानंतर वाचन सुरू झालं ते थांबलंच नाही. विरूपाक्षाचा घसा बसला तसं पुस्तक गुरुजींनी घेतलं. तंबू, लष्कराचे जवान, पहिला पाऊस झेललेले पत्रे, नवं गाव आखणारे चुन्याची फक्की मारलेले चौकोन, सगळं होऊन गेलं. मग गुरुजींनी पान उलटलं आणि ते अडखळले, कारण पुस्तकाच्या ऐन मध्यावर कादंबरीचं नाव आलं होतं, आणि त्यामागच्या पानावर एकच शब्द: ‘श्रीशैलला.’ अशी पानं आपण एरवी न वाचता उलटतो. इथे ते पान गुरुजींनी दोनदा वाचलं, कारण आता श्रीशैल कोण हे सगळ्यांना माहीत होतं. आणि अव्वा मान हलवून म्हणाली, ‘हाव. त्यालाच.’

आणि मग पुन्हा वेस आली. तीच वेस, तेवढेच चिरे. पण आता कुणाची मान खाली गेली नाही. पडून गेलेलं गाव गुरुजी चिऱ्याचिऱ्याने उभं करत होते. मठ आला तर म्हाताऱ्यांनी हात जोडले. विहीर आली तर बायका एकमेकींना सांगू लागल्या की कुणाची घागर कुठल्या पायरीवर फुटली होती. ‘उजव्या अंगाला चिंच व्हती, ती ऱ्हायली,’ कुणीतरी दुरुस्ती केली, आणि विरूपाक्ष हसून म्हणाला, ‘पुढच्या खेपेला घालू.’ सकाळी ज्यांना झोप आली होती तेच आता एकेका गल्लीसाठी गुरुजींना थांबवत होते. भूकंपाआधीचं गाव ऐकायचं तर ते गेल्यावर ऐकायचं असतं, हे विरूपाक्षाला बांधणीच्या चुकीने शिकवलं होतं.

बाहेर उन्हं कलली. तालमीतली कुस्ती झाली, जत्रा झाली, गणपती बसले. गुरुजी अठ्ठेचाळिसाव्या पानावर आले. विरूपाक्षाला ते पान पाठ होतं, पण ते पुस्तकाचं शेवटचं पान झालेलं त्याने पाहिलं नव्हतं.

‘थोरल्याला रात्रपाळी होती. श्रीशैल त्याला फाट्यापर्यंत पोचवायला आला. बस आली. थोरला म्हणाला, विसर्जनाला थांबायला पाहिजे होतं. श्रीशैल म्हणाला, मी हाय की, तू जा. बस सुटली. थोरल्याने मागच्या काचेतून पाहिलं. श्रीशैल फाट्यावर उभा होता आणि हात हलवत होता.’

गुरुजींनी पान उलटलं. पुढे कोरा कागद होता, आणि त्यापुढे पुठ्ठा.

‘फुडचं?’ पोरांतल्या एकाने विचारलं.

पुढचं सगळ्यांनी सकाळीच ऐकलं होतं.

अव्वा थोडा वेळ गुरुजींच्या हातातल्या त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

‘मिटवा गुर्जी,’ ती म्हणाली. ‘माझा श्रीशैल उभा हाय तितं. ऱ्हाऊ द्या.’